आईसाठी जागा बघताना: सिनियर संकुलातला फ्लॅट, खोलीवालं निवास की नर्सिंग केअर

बाबा गेल्यावर आई नाशिकला एकटीच होती आणि आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी सहा महिने प्रत्येक शनिवार-रविवार जागा बघण्यात गेले.

वृद्धाश्रम म्हटलं की नातेवाईक दचकतात, कारण डोळ्यासमोर निराधारांसाठीचे आश्रम येतात. आईवडील आणि ज्येष्ठांच्या देखभालीच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात काढायचे म्हटलेत, ते हे आश्रम. आपण बघतो ते प्रकार वेगळे.

नर्सिंग केअरचं आधी सांगतो. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल किंवा विसरणं खूप वाढलं असेल तर बाकी दोन्हीत वेळ घालवू नका, सरळ तिकडेच बघा, आणि रात्री किती माणसं ड्युटीवर असतात ते विचारा, तिथल्या आजी-आजोबांची नखं कापलेली आहेत का ते बघा. मला तरी नखांवरून बरंच कळलं.

खरा प्रश्न हिंडत्याफिरत्या माणसाचा. डिपॉझिट आणि महिन्याचे पैसे भरून खोली घ्यायची, की सिनियर सिटिझन संकुलात फ्लॅट, म्हणजे पाषाण, बावधन, हडपसरला अथश्री आहे किंवा लवासाला आशियाना उत्सव, तसा.

आम्ही आधी खोली घेतली, दहा दिवस ट्रायल म्हणून. जागा स्वच्छ, जेवण चांगलं, नर्स चोवीस तास, रात्री बेल दाबली की दोन मिनिटांत माणूस हजर, खरंच काही बोलायला जागा नव्हती. पण आई साडेचारला उठते आणि उठल्यावर तिला आलं-गवती चहा घातलेला चहा लागतो, आयुष्यभराची सवय. तिथे खोलीत गॅस तर नाहीच, इलेक्ट्रिक किटलीही चालत नव्हती, आणि चहा साडेसहाला, मोठ्या पातेल्यातला. त्यांना आगीची भीती, तीही खोटी नाही. आठव्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "संध्याकाळचाच थर्मासमध्ये भरून ठेवते रे, सकाळी कोमट असतो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग संकुलात फ्लॅट बघितला, भाड्याने, कारण आवडतंय का ते कळल्याशिवाय विकत घेऊ नये असं मला वाटतं. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष काढलेत, दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद, बाथरूममध्ये पकडायला दांडे वगैरे, पण बिल्डिंग जुनी असेल तर ते गृहीत धरू नका. मी टेप घेऊनच गेलो होतो, एका ठिकाणी बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर गेलीच नसती.

फ्लॅटमध्येही उणं आहेच. रात्री बेल दाबली की आधी वॉचमन येतो, तो आम्हाला फोन करतो. कामाची बाई आपणच शोधायची. तुमच्या आईवडिलांना चक्कर येत असेल किंवा स्वयंपाकघर नकोसंच झालं असेल तर खोलीच बरी, त्यात दुमत नाही. पण आई आता स्वतःच्या ओट्याशी उभी राहून चहा करते, कंटाळा आला की दुपारचं तेवढं डायनिंग हॉलमध्ये जेवते, आणि सव्वापाचला समोरच्या काकू कप घेऊन येतात.

करार मात्र नीट वाचा. पहिल्या जागेच्या करारात स्वतःचं स्वतःला करता येईनासं झालं तर जागा सोडावी लागेल, असं तिसऱ्या पानावर होतं. म्हणून पुढची सोय म्हणून एक नर्सिंग केअर मी आत्ताच बघून ठेवलंय, आईच्या फ्लॅटपासून रिक्षाने पंधरा मिनिटं.