काळी पाच की बी फ्लॅट? कीबोर्ड शिकण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

कीबोर्ड किंवा पियानो शिकणाऱ्या मुलासाठी सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले की पालकांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे पडद्यावर वरून खाली येणारे रंगीत ठोकळे दाखवणारे आणि दाबलेली पट्टी बरोबर की चूक हे तिथल्या तिथे सांगणारे ॲप. दुसरी म्हणजे म्यूझस्कोअरसारखे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर, ज्यात पाच रेघांवरची रचना उघडून ती ऐकता येते आणि तिच्याबरोबर सराव करता येतो. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. किंमत आणि आवाजाचा दर्जा यांची माहिती सहज मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. शार्प (स्वर अर्ध्या पायरीने चढवणारे), फ्लॅट (तेवढाच उतरवणारे) आणि नॅचरल (स्वर पुन्हा साधा करणारे) ही तीन चिन्हे पडद्यावर कशी दिसतात, एवढ्यावरच माझा निर्णय झाला.

ठोकळेवाल्या ॲपचे गुण मी मनापासून मान्य करतो. सात-आठ वर्षांचे मूल त्याच्यापुढे आपणहून बसते, दोन्ही हात लवकर सुटतात आणि लयीचा धाकही बसतो. पहिल्या काही महिन्यांसाठी कुणी ते घेतले तर मी अडवणार नाही.

माझी अडचण सुरू झाली ती एफ मेजर स्केलवर, म्हणजे एफपासून सुरू होणाऱ्या स्वरमालिकेवर. ॲपमध्ये ठोकळ्यांच्या जोडीने स्टाफही, म्हणजे पाच रेघांची मांडणीही, दिसत होता. एफ पहिल्या दोन रेघांमधल्या जागेत, जी दुसऱ्या रेघेवर, ए त्याच्या वरच्या जागेत, इथपर्यंत सारे ठीक होते. त्यानंतर बी फ्लॅटऐवजी पुन्हा त्याच जागेत ए शार्प आला (पट्टी एकच, नाव वेगळे), बीची तिसरी रेघ रिकामीच राहिली आणि एकदम सी दिसला. सुरुवातीच्या की सिग्नेचरमध्ये (रचनेभर लागू असणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणांत) मात्र त्या रिकाम्या रेघेवर फ्लॅटचे चिन्ह व्यवस्थित छापलेले होते. अवरोहात ए परत आला तेव्हा त्याच्याआधी नॅचरल लावावा लागला, म्हणजे जिथे एकाही जादा चिन्हाची गरज नव्हती तिथे दोन प्रकारची चिन्हे आली. माझ्या विद्यार्थिनीने रेघेवर बोट ठेवून विचारले, “सर, हा फ्लॅट वाजवायचा कुठे?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

याचे कारण ॲपच्या आतल्या नोंदीत असते. वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या, 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीत प्रत्येक पट्टीला 0 ते 127 यांपैकी एक क्रमांक मिळतो. मधला सी हा 60, आणि त्याच सप्तकातला ए शार्प किंवा बी फ्लॅट हा 70. क्रमांकावरून कोणती पट्टी दाबायची ते कळते, तिचे नाव काय ते कळत नाही. आपल्याकडे पेटीवर हीच रीत आहे. ‘काळी पाच’, म्हणजे पाचवी काळी, म्हटले की हीच पट्टी कळते, आणि सूर धरायला तेवढे पुरते. त्यामुळे पेटीवरून कीबोर्डकडे आलेल्या पालकांना ए शार्प पाहून काही खटकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पण स्वराचे नाव केवळ पट्टीवर ठरत नाही, हेही आपल्याला आपल्याच संगीतातून चांगले माहीत आहे. काफी थाटातल्या कोमल गंधाराला कुणी ‘तीव्र रिषभ’ म्हणत नाही, कारण रिषभ आधीच लागून गेलेला असतो आणि गंधाराची जागा गंधारानेच भरायची असते. कर्नाटक संगीतात तर एकाच स्वरस्थानाला मेळानुसार (मेळ म्हणजे आपल्या थाटासारखा स्वरसंच) षट्श्रुती रिषभ किंवा साधारण गंधार अशी दोन नावे मिळतात. एफ मेजरमधला बी फ्लॅट नेमक्या याच न्यायाने बी आहे. सात अक्षरे, प्रत्येक एकदाच.

सेटिंगमध्ये ‘शार्पऐवजी फ्लॅट दाखवा’ असा पर्याय सापडला तेव्हा मला हायसे वाटले होते, पण ते डी हार्मोनिक मायनरपर्यंतच टिकले. त्या स्केलमध्ये बी फ्लॅट आणि सी शार्प दोन्ही एकत्र येतात. पर्याय एकीकडे ठेवला तर बी फ्लॅटचा ए शार्प होतो, दुसरीकडे ठेवला तर सी शार्पचा डी फ्लॅट होतो. पुढे पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हेच स्केल कागदावर लिहावे लागते, आणि डोळ्यांना एकदा लागलेली चुकीची सवय मोडायला, माझ्या अनुभवात, नवे शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि पट्टी यांची नोंद वेगवेगळी असते. म्यूझिक एक्सएमएल या फाइलप्रकारात तर स्वराचे अक्षर, त्याचा चढउतार आणि छापायचे चिन्ह या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणून की सिग्नेचरमध्ये फ्लॅट असेल तर आतल्या स्वरावर तो पुन्हा छापला जात नाही, तरी वाजतो फ्लॅटच. नॅचरलही जिथे हवा तिथेच येतो. बेथोवेनच्या ‘फ्यूर एलीझे’च्या पहिल्या पूर्ण बारमध्ये (उभ्या रेघांमधल्या तालाच्या एका खंडात) डी शार्पनंतर साधा डी येतो. शार्पचा अंमल बार संपेपर्यंत असल्यामुळे तिथे नॅचरल लागतोच, आणि तो तिथे दिसला की मूल तो नियम न सांगता शिकते. म्यूझस्कोअरमध्ये एखादे नाव चुकले असेल तर स्वर निवडून जे हे अक्षर दाबले की पर्यायी नाव येते, सूर तोच राहतो.

या वाटेतही उणिवा आहेत. लहान मुलांना तो पडदा रुक्ष वाटतो, शाबासकी देणारे त्यात काही नाही, आणि मिडी फाइल उघडली तर नावे तिथेही अंदाजानेच बसतात, म्हणून शक्यतो म्यूझिक एक्सएमएलच मिळवावी. शिवाय रचना निवडून देणारे मोठे माणूस शेजारी लागते. माझ्याकडे तरीही आता तेच चालते, आणि ठोकळ्यांचे ॲप फक्त अगदी नवख्या मुलांसाठी ठेवले आहे.

पैसे भरण्याआधी शक्य असेल तर डी हार्मोनिक मायनर एकदा उघडून पाहावे. तिसऱ्या रेघेवर बी आणि तिच्या वरच्या जागेत शार्प लावलेला सी, अशी दोन्ही अक्षरे आपापल्या जागी दिसली, तर त्या सॉफ्टवेअरचा बाकीचा विचार खुशाल करावा.