ओकची पानं अचानक करपली: फोटो-अ‍ॅप आणि प्रयोगशाळेची तपासणी, कोण किती कामाचं?

जुन्या, भरदार ओकची पानं ऐन उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तपकिरी पडली की हात आधी मोबाइलकडे जातो. पानाचा फोटो टाका, रोगाचं नाव घ्या, असं सांगणारी अ‍ॅप चिकार आहेत. झाडाची जात ओळखायला ती बरी. ते कामही क्षुल्लक नाही, कारण लाल ओक (पानाच्या टोकांना केसासारखे काटे) की पांढरा ओक (गोलसर कडा) यावर पुढचं निम्मं निदान अवलंबून असतं. रोगाच्या बाबतीत मात्र ती दगा देतात. पाण्याचा ताण, मुळांची इजा, मीठ, झायलेला जिवाणू, मर रोग (ओक विल्ट हा बुरशीचा रोग), कशानेही पान कडेनेच करपतं आणि फोटोत सगळं सारखंच दिसतं. खरी खूण असते ती करपा झाडावर कुठून कुठे सरकला यात, आणि ती एका पानाच्या फोटोत मावत नाही. पाचात दोन गुण, तेही जात ओळखण्याचे.

प्रयोगशाळेला पैसे भरण्याआधी झाडाखाली उभं राहून एक चक्कर मारावी. शेंड्याकडून खाली वाळत आलंय आणि तपकिरी पानं फांदीलाच लटकलीत? मग खोडकिड्याचा संशय. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी, जेमतेम 3 मिमीची भोकं शोधा. फक्त उन्हा-वाऱ्याच्या बाजूला करपलंय तर बहुधा पाण्याचा ताण. ओलसर वसंतानंतर खालच्या फांद्यांवर, शिरांच्या कडेने डाग पडले असतील तर तो अँथ्रॅक्नोज, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. मोठं झाड त्याला सहसा दाद देत नाही. दरवर्षी उन्हाळा सरताना तोच प्रकार, आणि करपलेल्या व हिरव्या भागाच्या मध्ये पिवळी किंवा तांबूस रेघ, म्हणजे झायलेला.

मर रोगाची खूण जमिनीवर सापडते. लाल ओकखाली पडलेलं पान उचलून पाहा: टोकाकडून अर्धं तपकिरी, देठाकडे अजून हिरवं. ताणाने करपलेलं पान बहुधा फांदीवरच वाळतं; हे अर्धं हिरवं असतानाच गळून पडतं. लाल ओक यात काही आठवड्यांत जातो, पांढरा फांदी-फांदीने, काही वर्षं घेत. हा रोग आजवर उत्तर अमेरिकेतच नोंदला गेलाय, तेव्हा इतरत्र अ‍ॅपने तेच नाव दिलं तर हसून सोडून द्यावं.

बुंधाही बघा. तळाशी तो पसरट व्हायला हवा. खांबासारखा सरळ मातीत शिरत असेल तर वर भर पडली आहे. हाताने माती उकरा, खोडाला फास लावून बसलेलं मूळही तिथेच दिसतं. जवळपास चर खणला किंवा बांधकाम झालं असेल तर त्याचा परिणाम दोन-चार वर्षांनी पानांवर उमटू शकतो. हे कुठलीच प्रयोगशाळा फांदीवरून सांगू शकत नाही.

आता तपासणी. सेवा चांगली आहे, फसतो तो नमुना. पूर्ण वाळलेली काडी पाठवली की ‘बुरशी आढळली नाही’ असा अहवाल येतो आणि लोक निर्धास्त होतात. वाळक्या लाकडात मर रोगाची बुरशी टिकतच नाही. सध्या कोमेजत असलेली, थोडी हिरवी पानं राहिलेली फांदी निवडा. साधारण 2.5 सेंमी जाडीचे, 15 ते 20 सेंमी लांबीचे चार-पाच तुकडे घ्या. साल सोलल्यावर आतल्या लाकडात तपकिरी रेघा दिसल्या तर नमुना उत्तम. बंद पिशवीत, बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठवू नका. तापलेल्या गाडीत तासभर राहिला तरी वाया जाऊ शकतो. आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करा, म्हणजे सुट्टीत टपालात पडून राहणार नाही. बुरशी वाढवून पाहायला दोन-तीन आठवडे लागू शकतात; पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणारी चाचणी, काही दिवसांत होते. झायलेलासाठी फांदी नव्हे, उन्हाळ्याच्या अखेरीची देठासकट पानं लागतात, चाचणीही वेगळी मागावी लागते. प्रयोगशाळा विचारलं तेवढंच तपासते, म्हणून एक गुण कापून पाचात चार.

वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांदी कापलीत तर जखमेवर लगेच रंग मारा. एरवी हा उपाय निरुपयोगी मानतात, पण ताज्या रसाकडे येणारे भुंगे मर रोगाची बुरशी आणतात, म्हणून ओकचा अपवाद. अहवाल येईपर्यंत नत्रखत नको, छाटणी नको. माती कोरडी असेल तर आठवड्याला 25 मिमी पाणी पुरे. शेजारी त्याच गटाचा ओक असेल तर दोघांची मुळं जमिनीखाली जुळलेली असू शकतात. मर रोग ठरला तर आजारी झाड तोडण्याआधी मधे चर खणून ही जुळलेली मुळं तोडावी लागतात, आणि प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाचं इंजेक्शन निरोगी शेजाऱ्याला द्यायचं असतं.