अरोरा बघायला उत्तरेला जावं की दक्षिणेला?

अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, एकदा तरी डोळ्यांनी बघायचा म्हणून पैसे साठवत असाल, तर माझं मत आधीच सांगून टाकते: खास त्यासाठी निघायचं असेल तर उत्तरेला जा. दक्षिणेचा अरोरा कुठेही कमी नाही, पण त्याच्याखाली उभं राहायला प्रवाशाला सहज पोहोचता येईल अशी जमीनच नाही.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं आणि त्या क्षेत्राच्या रेषांवरून इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांना वातावरणात उतरतात. शंभरेक किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वरचा लाल. म्हणजे एकाच चुंबकीय वादळात दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाचं एकेक कडं तयार होतं. ही दोन कडी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत, असं बराच काळ मानलं जाई. पण २००१ मध्ये उपग्रहांनी दोन्हीकडची चित्रं एकाच वेळी घेतली, त्यात उत्तरेचे सर्वांत तेजस्वी ठिपके पहाटेच्या बाजूला होते, दक्षिणेचे संध्याकाळच्या. तरी प्रवाशाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. खरा फरक नकाशावर दिसतो.

उत्तरेचं कडं नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड, कॅनडा आणि अलास्कावरून जातं. नॉर्वेचं ट्रोम्सो उत्तर अक्षांशाच्या ६९ अंशांच्या पुढे असूनही समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तिथली थंडी सोसवते, विमानतळ गावातच आहे, आणि साध्या शांत रात्रीही अरोरा डोक्यावर येऊ शकतो. अडचण ढगांची. म्हणून मी स्वीडनच्या अबिस्कोला झुकतं माप देईन. डोंगरांच्या आडोशामुळे तिथे आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं.

दक्षिणेचं कडं अंटार्क्टिका आणि भोवतीच्या महासागरावर असतं. डिसेंबर-जानेवारीत जहाजाने अंटार्क्टिकाला जाऊन अरोराही बघू, असा बेत असेल तर तो सोडा. पर्यटकांची जहाजं तिथल्या उन्हाळ्यातच जातात, आणि तेव्हा रात्र धड काळोखी होत नाही. डोक्यावरचा दक्षिण अरोरा बघायला मिळतो तो तिथे हिवाळा काढणाऱ्यांना. गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत मैत्री आणि भारती या तळांवर जाणाऱ्या भारतीय तुकड्या त्यांतल्याच. नवी मुंबईची भूचुंबकत्व संस्था तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी नोंद ठेवते, तशीच नोंद अलिबागला १९०४ पासून चालू आहे.

आपल्यासारख्यांना दक्षिणेत उरतात ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया बेट आणि न्यूझीलंडचं दक्षिण टोक. इथे एक गंमत लक्षात ठेवा. अर्जेंटिनाचं उशुआया दक्षिण अक्षांशाच्या ५५ अंशांवर, टास्मानियाचं होबार्ट ४३ वर. तरी अरोरासाठी होबार्टच सरस, कारण दक्षिण चुंबकीय ध्रुव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला कललेला आहे. न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटाचं माओरी नाव राकिउरा. त्याचा अर्थ 'झळाळतं आकाश' असा सांगतात.

पण होबार्टहून कडं दूरच राहतं. त्याचा हिरवा तळ क्षितिजाखाली दडतो आणि वरची लाली तेवढी दिसते. २०२४ च्या मेमधल्या मोठ्या वादळात लडाखच्या हानलेहून कॅमेऱ्यांनी टिपलेली लाली अशीच होती. होबार्टला दक्षिण क्षितिजावर राखाडी धुरासारखा पट्टा दिसतो, त्यातून तारे चमकतात. मोबाईल दगडावर टेकवून दहा सेकंदांचा फोटो घ्यावा, तर पडद्यावर गुलाबी खांब उभे. नुसत्या डोळ्यांना रंग दिसायला वादळ जोरदार लागतं, साधारण केपी ५ च्या वरचं (केपी म्हणजे चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा ० ते ९ चा आकडा). तशी रात्र कधी येईल हे फार तर दोन-तीन दिवस आधी कळतं. भारतातून तिकीट काढणाऱ्याला हे परवडणारं नाही.

मात्र मेलबर्न, होबार्ट किंवा ऑकलंडला मुलगी-जावई राहत असतील आणि दोन-तीन महिने तिकडे मुक्काम असेल, तर मी दक्षिणच निवडेन. अरोराच्या सूचना देणारं ॲप मोबाईलवर ठेवा आणि समुद्राकडे तोंड असलेला, दिव्यांपासून दूरचा दक्षिणेचा किनारा दिवसा हेरून ठेवा.

उत्तरेला जाणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च धरावा. विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळं जास्त होतात, आणि मार्चमध्ये दिवसाही फिरता येतं. अमावास्येच्या आगेमागे किमान पाच रात्री ठेवा. पॅकेजमधल्या दोन रात्री ढगांतच जाऊ शकतात.