केमन 2010 आणि केमन 2018: काका-पुतण्यांच्या दोन गाड्या, एकच आंबोली रस्ता

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेजारच्या फौंड्रीचे मालक गाड्यांचे शौकीन आहेत आणि त्यांचा पुतण्या त्यांच्याहूनही अधिक. काकांकडे 2010 सालची पोर्शे केमन आहे, 2.9 लिटर इंजिनाची आणि हाताने गिअर बदलायची. पुतण्याकडे 2018 सालची 718 केमन आहे. तिला 2 लिटरचे टर्बो इंजिन आणि पीडीके हा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. ही दुसरी गाडी दारात आल्यापासून त्या घरात एकच वाद चालू आहे, तो म्हणजे सफाई येता येता स्पोर्ट्स कारचा स्वभाव नाहीसा होतो की नाही. गेल्या हिवाळ्यात दोघांनी मला पंच नेमले आणि दोन रविवार दोन्ही किल्ल्या माझ्या हाती दिल्या. माझ्या मशीन शॉपमध्ये अजून एक हाताचा लेथ चालतो, त्यामुळे निकाल आपल्याच बाजूने लागणार अशी काकांची खात्री होती.

पहिल्या रविवारी हिंडलगा, सुळगा, बाची असे करत शिनोळीला महाराष्ट्राची हद्द ओलांडली आणि पाटणे फाट्यावरून आंबोलीपर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या रविवारी महामार्गाने वंटमुरी आणि तवंदीचा घाट घेत निपाणी गाठली. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जावे असा पुतण्याचा आग्रह होता. पण दुसऱ्याच्या गाडीचे पोट रस्त्याला घासण्याची जोखीम पंचाने घेऊ नये, असे मला वाटले.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. नव्या गाड्या जड झाल्या म्हणून त्यांच्यातली मजा गेली, असे सरसकट म्हटले जाते आणि पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. या जोडीला मात्र ते लागू पडत नाही. कंपनीच्या आकड्यांनुसार काकांच्या गाडीचे वजन 1,330 किलो आहे आणि 718 चे पीडीकेसह 1,365 किलो; म्हणजे आठ वर्षांत आणि एका अधिक गुंतागुंतीच्या गिअरबॉक्ससह वाढ झाली ती जेमतेम 35 किलोची. दोन्हींचे इंजिन आसनांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे आहे, दोन्ही दोनच माणसांच्या आहेत आणि दोन्हींना पुढे एक व मागे एक अशा सामानाच्या दोन जागा आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर नव्या गाडीत 60 मिलिमीटरने वाढले आहे आणि तवंदीच्या लांब वळणांवर तिची बसकण अधिक पक्की वाटते ती त्यामुळेही. तेव्हा फरक शोधायचा तो वजनात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तो पहिल्यांदा सापडतो स्टिअरिंगमध्ये. काकांच्या गाडीचे स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब रॅक, म्हणजे चाके वळवणारा दातेरी दांडा, सरकवण्यात आपल्या हाताला साथ देतो. वळणात पुढचे टायर स्वतःला सरळ करू पाहतात, ती त्यांची ओढ रॅकमधून आणि कॉलममधून थेट तळहातात उतरते, आणि टायरची पकड संपत आली की ती ओढ हलकी होते. पाटणे फाट्याच्या पुढे डांबराचे जुने-नवे ठिगळ एकाआड एक लागतात. काकांच्या गाडीत डोळे झाकूनही, म्हणजे पंचाने तसे केले नाही हे सांगणे न लगे, चाक कोणत्या ठिगळावर आहे हे सांगता आले असते. 718 मध्ये मदतीला विजेची मोटर आहे. हायड्रॉलिक पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनाची ताकद खात राहतो, मोटर मात्र वळवतानाच वीज घेते. शिवाय गाडीला लेनमध्ये राखणे किंवा आपोआप पार्क करणे असली कामे मोटरशिवाय होत नाहीत. म्हणून 2012 पासून आलेल्या पिढीत कंपनीने हा बदल केला, आणि इंधनाच्या हिशेबात तो अटळच होता. अचूकतेत नवे स्टिअरिंग कमी नाही, उलट सरस आहे. 718 मध्ये ते आधीच्या पिढीपेक्षा 10 टक्के अधिक थेट केलेले आहे आणि आंबोलीच्या नागमोडी वळणांत जेवढे मागावे तेवढेच, तिथल्या तिथे मिळते. पण त्या ठिगळांची बातमी तळहातापर्यंत येता येता चाळली जाते. मोठा धक्का कळतो, बारीक थरथर वाटेतच विरते.

येथे मला माझा लेथ आठवतो. हाताच्या लेथवर टूल बोथट होऊ लागले की ते आधी चाकाच्या मुठीतून हाताला कळते. चिप्सचा रंग आणि कामाचा पृष्ठभाग नंतर बिघडतो. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी लेथवर तीच गोष्ट पडद्यावरच्या लोडच्या आकड्यातून कळते, आणि ऑपरेटर चहाला गेला असेल तर कळतही नाही. तरीही शंभर नग एकाच मापाचे हवे असतील तर मी हाताच्या लेथचे नाव काढणार नाही. ग्राहकाला माप हवे असते; ते काढताना माझ्या हाताला काय वाटले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. स्पोर्ट्स कारमधली अडचण अशी, की तेथे लेथवर उभा असलेला माणूस हाच ग्राहक असतो. त्याने पैसे मोजलेले असतात ते हाताला जे वाटणार आहे त्याचेच, आणि त्याला माप सुधारून दिले, पण मुठीतली थरथर काढून घेतली, तर त्याची तक्रार खुळेपणाची म्हणता येत नाही.

इंजिनाच्या बाबतीत हे अधिकच उघड होते. काकांच्या गाडीत सहा सिलिंडर तीन-तीन असे समोरासमोर आडवे झोपलेले आहेत. 265 अश्वशक्तीचा कमाल जोर मिनिटाला 7,200 फेऱ्यांना मिळतो आणि 300 न्यूटन-मीटरचे ओढबळ (टॉर्क) 4,400 फेऱ्यांच्या पुढे. त्याखाली गाडी चालते, पण उत्साहाने नव्हे. इंजिनाला वर नेण्यासाठी गिअर उतरवावा लागतो, पुन्हा चढवावा लागतो, आणि चार हजारांच्या पुढे तो आवाज पातळ होत, ताणत वर जातो तेव्हा या कसरतीचे मोल वसूल होते. 718 मध्ये चारच सिलिंडर आहेत आणि त्यांच्या जोडीला टर्बो. 300 अश्वशक्ती आणि 380 न्यूटन-मीटर, तेही 1,950 फेऱ्यांपासून. म्हणजे पायाचा अंगठा दाबला की गाडी निघाली. ताशी 100 किलोमीटरचा वेग जुनी 5.8 सेकंदांत गाठते, नवी 4.9 मध्ये. आकड्यांची लढाई येथेच संपते, पण आवाजाची सुरू होते. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दांड्याच्या दर 120 अंशांना एक स्फोट होतो, चार सिलिंडरच्या इंजिनात दर 180 अंशांना. शिवाय टर्बोची चकती धुराच्या वाटेतच बसते आणि आवाजाची धार मारते. परिणामी खालच्या फेऱ्यांत 718 चा आवाज खडबडीत आणि काहीसा घोगरा येतो, आणि वर गेल्यावर तो मोठा होतो, सुरेल होत नाही. काकांचे इंजिन ऐकताना सतारीच्या तारेवर मिंड ओढल्यासारखे वाटते, असे मी म्हणालो तेव्हा पुतण्याने लगेच ऐकवले, "सतार बरी वाजती खरं, आंबोलीला आधी कोण पोचलं?" बेळगावकरांचा हा ‘खरं’ म्हणजे ‘पण’, बाहेरच्या वाचकांनी त्याला काकांच्या आवाजाची कबुली समजू नये.

न्यायाने सांगायचे तर 718 हे नावच मुळी 1957 च्या एका पोर्शे रेसगाडीचे आहे आणि तिलाही आडवे चारच सिलिंडर होते. तेव्हा चार सिलिंडर म्हणजे बाटले, असे नाही. पण 2020 मध्ये कंपनीनेच याच गाडीच्या जीटीएस आवृत्तीत टर्बो नसलेले 4 लिटरचे, सहा सिलिंडरचे, 400 अश्वशक्तीचे इंजिन परत आणले. गिऱ्हाइकांच्या नाराजीची दखल घेतल्याचा याहून स्पष्ट पुरावा काय असू शकतो?

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. पीडीके माझ्यापेक्षा चलाख आहे. आंबोलीला वळणाच्या आधी ब्रेक दाबला की जो गिअर मी निवडला असता तोच ते आधी निवडून मोकळे होते. टिळकवाडीत रेल्वेचे गेट पडले की काकांचा क्लच डाव्या पायाची परीक्षा पाहतो, आणि तेथे मी कसलीही भावुकता न बाळगता पुतण्याच्या पक्षात जातो.

आता मुख्य मुद्दा, जो दोघांच्याही वादात मला आढळला नाही. आपल्या रस्त्यांवर गाडी किती वेगाने नेता येते? शिनोळी ते आंबोली या टापूत म्हशी आहेत, खुणा न केलेले गतिरोधक आहेत, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत, आणि घाटात माकडे व माकडांना खाऊ घालायला थांबलेले पर्यटक आहेत. मोकळ्या पट्ट्यात ताशी 70, वळणात 40 ते 50 यापेक्षा अधिक जाणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. या वेगाला काकांची गाडी पुरती जागी असते. तिचे टायर, तेल, इंजिन आणि चालवणाऱ्याचे दोन हात व दोन पाय असे सगळेच कामाला लागलेले असतात, आणि 50 चे वळण नीट साधले तर काहीतरी साधल्याचे समाधान मिळते. 718 ला त्या वेगात काही विचारलेच जात नाही. तिची पकड, तिचे ब्रेक, तिची चौकट यांची मर्यादा इतकी दूर आहे, की त्या मर्यादेच्या आसपास जे बोलणे ती सुरू करते ते ऐकायला बंद ट्रॅकच हवा. महामार्गावर तवंदीच्या चढणीला एकदा, मोकळे पाहून, मी तिला थोडी मोकळीक दिली तेव्हा ती अचानक बोलकी झाली: मागची चाके कशी रेटताहेत, पुढचे नाक कसे रुतते आहे, हे सारे कळू लागले. मग वेगाच्या काट्याकडे लक्ष गेले आणि मी मुकाट पाय काढला. म्हणजे नव्या गाडीला स्वभाव नाही असे नव्हे. तो आपल्या रस्त्यांच्या वेगाच्या वरच्या मजल्यावर राहायला गेला आहे. टायर जितके रुंद, चौकट जितकी ताठ आणि ओढ जितकी तळापासून मिळणारी, तितका हा मजला उंच चढतो, आणि या तिन्ही गोष्टी सफाईच्या नावाखालीच केल्या जातात.

सफाई म्हणजे स्वभावाचा मृत्यूच, असे मात्र मी लिहून देणार नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची पोर्शेची शेवटची 911 कारखान्यातून 1998 मध्ये बाहेर पडली आणि पाण्याने थंड होणारी तिची वारस आली तेव्हाही खरी पोर्शे संपली म्हणून गळा काढणारे होतेच. काकांची लाडकी केमन त्या पाण्याच्याच घराण्यातली आहे. माझदाची 2015 ची एमएक्स-5, जी आपल्याकडे विकली गेली नाही, आधीच्या पिढीपेक्षा सुमारे 100 किलोने हलकी करून आणली गेली. स्टिअरिंग तिचेही विजेचेच. कारखान्याने मनावर घेतले तर मजला खाली आणता येतो. दुसरे टोक ह्युंदाईच्या आयोनिक 5 एन या विजेच्या गाडीत दिसते, जिला गिअर नसताना गिअर बदलल्याचा झटका आणि इंजिन नसताना इंजिनाचा आवाज मुद्दाम भरून दिलेला आहे. काढून टाकलेली थरथर पुन्हा विकायला ठेवावी लागते, यावरून तिची किंमत काय होती ते समजावे. मला स्वतःला हा उपाय शोभेच्या फळासारखा वाटतो, पण ट्रॅकवर तो चालवणाऱ्याच्या उपयोगी पडत असेल तर हसण्यात अर्थ नाही.

घ्यायचीच झाली तर काय घ्यावे? नवी पेट्रोल 718 आता मिळणार नाही. तिचे उत्पादन 2025 मध्ये थांबले. जुन्या बाजारातच शोधावी लागेल, आणि बेळगावात या कंपनीचे दालन नसल्याने मुंबई किंवा बंगळूर, दोन्हीकडे सुमारे 500 किलोमीटरची वारी ठरलेली. एकच गाडी ठेवणार असाल आणि ती रोज खानापूर रस्त्याच्या गर्दीतून काढणार असाल, तर 2 लिटरची 718 पीडीकेसह घ्या. मात्र दिसायला देखणी म्हणून 20 इंची चाके घेऊ नका. मूळच्या 18 इंची चाकांवर टायरची भिंत जाड असते, खड्ड्यात रिम वाचते आणि गाडी थोडी अधिक बोलतेही. दुसरी एखादी गाडी घरात असेल आणि ही केवळ रविवारसाठी असेल, तर काकांच्या पिढीतली, 2009 नंतरची, हाताच्या गिअरची केमन शोधा आणि खरेदीआधी ती उचलून तिचे पोट, थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्या आणि क्लच डोळ्यांनी पाहा. पैशांची चिंताच नसेल तर मॅन्युअल जीटीएस 4.0. तिचे दुसऱ्या गिअरचे टोक ताशी 100 च्या बरेच पुढे जाते, त्यामुळे आंबोलीला तीही अर्धी झोपेतच असेल, पण निदान घोरेल तरी सुरात.

निकाल मी काकांच्या बाजूने दिला, आंबोलीपुरता. निपाणीचा रविवार पुतण्याचा. दोघेही नाखूष झाले. पुतण्याने आता बंगळूरला मॅन्युअल जीटीएसची चौकशी लावली आहे. ती मिळेपर्यंत रविवारी सकाळी तो काकांची किल्ली मागायला येतो, आणि टाकी भरून परत आणायच्या बोलीवर काका ती देतात.