रातकिडे की डुबिया झुरळं?

पाळलेल्या शॅमेलिऑनला (रंग बदलणाऱ्या सरड्याला) जिवंत खाऊ देताना खिळवून ठेवायचं असेल तर रातकिड्याला तोड नाही. किडा फांदीवर सरकला की माझ्या येमेनी जातीच्या नराचे दोन दिशांना फिरणारे डोळे एकदम एका जागी थांबतात, अंग किंचित पुढे झुकतं आणि जीभ सुटते. डुबिया, म्हणजे खाऊ म्हणून पाळलं जाणारं झुरळ, मात्र पालथं पडून गप्प राहतं, आणि न हलणाऱ्या भक्ष्याकडे सरडा सहसा लक्ष देत नाही. म्हणून ते खोलगट कपात घालून फांदीला बांधते. कपात ते सारखं पाय मारत राहतं, गुळगुळीत भिंतीवर चढूही शकत नाही.

सांभाळायला मात्र डुबियाच बरं. आमच्या दादरच्या वन बीएचकेत जुलैत रातकिड्यांचा डबा उघडला तर किड्यांना लपायला ठेवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओलसर, निम्मे किडे मेलेले आणि वास घरभर. वर रात्रभर किरकिर! डुबिया मुकं, वर्षभर टिकणारं आणि थेट पिल्लं देणारं. आईला ‘झुरळं पाळतेस?’ हे पचायला दोन महिने लागले, एवढंच.

रातकिडे दिलेत तर उरलेले संध्याकाळी वेचून काढाच, झोपलेल्या सरड्याला ते चावतात.

दोन्हींत कॅल्शियम कमीच. आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घालायचा, देताना कॅल्शियम पावडर भुरभुरायची. किडा डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. मोरीतलं झुरळ तर कधीच नको, त्याच्या पोटात पेस्ट कंट्रोलचं औषध असू शकतं.

मी आठवडाभर डुबिया देते, रविवारी चार रातकिडे.