क्विक असिस्ट, आठ महिने: डोंबिवलीत बसून देवगडचा कॉम्प्युटर चालवताना

सुध्या माझा शाळेतला मित्र. देवगडजवळ त्याची साठेक हापूसची कलमं आहेत. ऑर्डरी, पत्ते, उधारी, सगळं एक्सेलमध्ये. काही अडलं की फोन मला. ‘वर उजवीकडे फुली दिसते का?’ ‘दोन दिसतात.’ अशा बोलण्यात मैत्री तुटायची वेळ आली होती.

आधी लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं एक नावाजलेलं अ‍ॅप लावलं. महिन्याभरात त्याला आमचा वापर धंद्यासाठी चाललाय असा संशय आला आणि ते दर पाच मिनिटांनी कनेक्शन तोडायला लागलं. (सुध्या आंबे विकतो, तेव्हा संशय अगदीच खोटा नव्हता.) म्हणून ऑक्टोबरात तेच काम करणाऱ्या, विंडोजमधल्याच क्विक असिस्टवर आलो.

कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाबलं की ते उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त मदत करणाऱ्याला लागतं. मी कोड काढून फोनवर सांगतो, तो टाकतो, परवानगी देतो. कोड दहाच मिनिटं चालतो. पहिल्यांदा त्याने तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आणि जेवून आल्यावर टाकला.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पेट्यांवर चिकटवायचे पत्ते छापायचे, गाडी चारला निघणार, आणि प्रिंटर ढिम्म. मी सर्चमध्ये इंग्रजीत ‘प्रिंटर’ टाइप केलं, तर तिकडे उमटलं ‘जीगलूाी’. त्याचा मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू होता. विंडोज आणि स्पेस दाबायला सांगितलं, मग पुढे सरकलो. रांगेत अकरा कामं अडकलेली. ही रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर बंद करून परत सुरू करायला गेलो, तर विंडोजने अ‍ॅडमिनची परवानगी मागितली आणि माझ्याकडचा स्क्रीन काळा. हा बिघाड नाही. ‘हो’ समोरच्या माणसानेच म्हणावं म्हणून ती चौकट लांबून दिसत नाही. पण हे मला माहीत असून काय उपयोग, सुध्या ‘नाही’ दाबून मोकळा झाला होता. तीनदा. गाडी त्या दिवशी साडेपाचला निघाली.

तरीही याच गोष्टीसाठी मी हे वापरतो. तो समोर नसताना मला आत शिरताच येत नाही. वहिनींना सुरुवातीला हेच पटत नव्हतं. बाण आपोआप हलताना पाहून त्या म्हणाल्या, ‘भावजी, बँकेचं पण दिसतं का तुम्हाला?’ दिसतं. ते पान उघडं असेल तर नक्की दिसतं. म्हणून बँकेचं काम असेल तर आधी सेशन बंद, हा नियम. फेब्रुवारी 2019मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच एका अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. फसवणाऱ्याला कुठलंही अ‍ॅप चालतं, क्विक असिस्टसुद्धा. आमचा करार असा: फोन नेहमी सुध्याने करायचा. ‘मी कंपनीतून बोलतोय’ म्हणत कोणी कोड दिला, तर तो टाकायचा नाही.

चूक मात्र माझी झाली. डिसेंबरात हातात माउस आला म्हणून मी त्याच्या डेस्कटॉपवरच्या फायली आवरून फोल्डरमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन: ‘माझ्या आंब्यांचं काय केलंस?’ त्याला फाइलचं नाव माहीत नव्हतं, जागा माहीत होती. रीसायकल बिनच्या खाली, तिसरी.

तेव्हापासून मी सहसा कंट्रोल मागतच नाही. नुसता स्क्रीन बघतो, क्विक असिस्टमधल्या लेझर पॉइंटरने जागा दाखवतो आणि क्लिक तो करतो. दोन मिनिटांच्या कामाला पंधरा लागतात, मध्येच चहा येतो. पण मे महिन्यात अडकलेली प्रिंटची रांग त्याने स्वतः मोकळी केली, हे मला पेटी घ्यायला गेलो तेव्हा वहिनींकडून कळलं.

एक अडचण अजून आहे. मदत करायला मला कॉम्प्युटरसमोरच बसावं लागतं, मोबाइलवरून जमत नाही. त्यामुळे सुध्याचा फोन मी लोकलमध्ये असताना आला, तर परत तेच: ‘फुली दिसते का?’


‘कुठली?’