दिवसाला किती तास? शाळा आणि घर

जळगावात होमस्कूलिंगचं, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचं, नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे दिवसभर शिकवत बसायचं?" मूल हुशार असलं तर लोक तासांचा आकडा आणखी वाढवतात.

आधी शाळेचा हिशेब बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. सरासरी दिवसाला चारच तास! त्यातही ज्याला आधीच कळलंय, तो बाकीच्यांसाठी थांबतो. घरी थांबणं नाही. आमच्याकडे गणित आणि भाषा दीड-दोन तासांत उरकते.

पण म्हणून घरी वेळ कमी लागतो, हाही गैरसमजच. शिकवणं कमी, सोबत जास्त. केळीच्या बागेत लेकीने विचारलं, "यात बी का नाही?" मला कुठे येत होतं! भरताची वांगी भाजता भाजता शोधलं: खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही, लागवड कंदाने किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांनी. दोन तास गेले, वांगी करपली.

दोघं नोकरीला असाल तर शाळाच बरी. निदान दुपारचा प्रश्न तरी सुटतो.